राज्यघटना शिकायची कशी: कलमांच्या क्रमाने की वादांच्या?

भारताच्या संविधानातला अनुच्छेद ३००-अ एका वाक्याचा आहे. कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, एवढेच तो सांगतो. कायद्याच्या वर्गात या वाक्याच्या वाट्याला सहसा दहा मिनिटे येतात. सत्र संपत आलेले असते, मूलभूत हक्क शिकवून झालेले असतात आणि ‘हा हक्क आता मूलभूत राहिलेला नाही’ असे सांगून शिक्षक पुढे सरकतात. नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये मात्र हे वाक्य पायाखालीच आहे. इथले स्टेशन, एल. पी.चा चौक, सेक्टरांमधल्या सोसायट्या, पाम बीच रस्ता, डी. वाय. पाटील विद्यापीठाचा परिसर आणि तिथला कायद्याचा अभ्यासक्रम हे सारे सिडकोने वसवलेल्या शहरात आहे. त्याआधी या पट्ट्यात भातशेती होती, मिठागरे होती, खाजणे होती आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. गावठाणे राहिली, शेते संपादित झाली.

तारखा शेजारी शेजारी मांडल्या की गंमत कळते. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात भरपाई खरीखुरी असली पाहिजे असा निर्णय दिला. खटला गुदरणारे रुस्तम कावसजी कूपर मुंबईचेच. त्याच वर्षी १७ मार्चला सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले जाऊ लागले. संसदेने पंचविसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ मधला ‘भरपाई’ हा शब्द काढून तिथे ‘रक्कम’ हा शब्द घातला. ती दुरुस्ती एप्रिल १९७२ मध्ये अमलात आली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून बाहेर गेला. हा बदल २० जून १९७९ पासून लागू झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण हुतात्मा झाले. संपादनाला सुरुवात झाली तेव्हा जमीन हा मूलभूत हक्क होता; गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तो नव्हता.

या तारखांतल्या बहुतेक पाठ्यपुस्तकात असतात, पण एका पानावर नसतात. कूपर एका प्रकरणात, पंचविसावी दुरुस्ती दुसऱ्यात, ३००-अ तिसऱ्यात. जासई तर कुठेच नाही. मराठीत ‘घटना’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. विधी महाविद्यालयात त्यांपैकी एक घटना शिकवली जाते आणि दुसरी वगळली जाते. संविधानाच्या शिक्षणाचा आढावा घेताना मला हाच मूळ प्रश्न वाटतो.

आधी चौकट पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदा-शिक्षण नियमांनुसार घटनात्मक कायद्याचे दोन पेपर अनिवार्य आहेत, अभ्यासक्रम तीन वर्षांचा असो वा पाच वर्षांचा. विद्यार्थ्यांच्या तोंडी विषयाचे नाव ‘कॉन्स्टी’. ढोबळ वाटणी अशी, की एका पेपरात उद्देशिका, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे. दुसऱ्यात संसद, राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायव्यवस्था, केंद्र-राज्य संबंध, आणीबाणी, घटनादुरुस्ती. शिकवणे अनुच्छेदांच्या क्रमाने चालते. बाराव्यात ‘राज्य’ म्हणजे कोण, तेराव्यात कायदा म्हणजे काय, मग चौदा, पंधरा, सोळा. प्रत्येक अनुच्छेदाखाली चार-सहा निवाड्यांची नावे. एम. पी. जैन किंवा व्ही. एन. शुक्ल यांचा ग्रंथ ग्रंथालयात, जे. एन. पांडे हाताशी, बेअर ॲक्ट पिशवीत आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स नोट्स. उत्तरपत्रिकेत निवाड्याचे नाव आणि वर्ष अधोरेखित केले की गुण मिळतात अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.

ही पद्धत आली कुठून हे समजायला थोडे मागे जावे लागते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले आणि त्याच्यामुळे त्या रस्त्याचेच नाव लॉ कॉलेज रस्ता पडले. या दोन संस्थांनी महाराष्ट्राला वकील, न्यायाधीश आणि बरेच राजकारणीही दिले. १९५० पूर्वी घटनात्मक कायदा म्हणजे मुख्यतः इंग्लंडची घटना आणि तिच्या सावलीतले हिंदुस्थान सरकारचे कायदे. इंग्लंडची घटना एका ग्रंथात लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती शिकवताना कलमांचा आधारच घेता येत नव्हता. संकेत, इतिहास आणि संसद-राजाची भांडणे सांगावी लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये प्राचार्य. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखनाच्या बाराव्या खंडात कायद्यावरची त्यांची टिपणे आहेत. ब्रिटिश घटनाही त्यांत आहे. पुढे ज्यांनी ३९५ अनुच्छेदांच्या घटनेच्या मसुद्याचे सुकाणू धरले, ते स्वतः वर्गात कलमांवाचूनची घटना शिकवत होते.

लिखित घटना हाती आल्यावर शिकवण्याची गोष्ट मात्र उलटी झाली. ग्रंथ जाडजूड, अनुच्छेदांना क्रमांक, शेजारी भाष्य. विधी शिक्षण तेव्हा बहुतेकांसाठी जोडधंदा होता. दिवसा नोकरी, सकाळी किंवा संध्याकाळी वर्ग. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात व्याख्यान देण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी १८७० पासून निवाडे वाचून कायदा शिकण्याची पद्धत रुजवली होती. आपल्याकडे ती ठळकपणे आली १९८० च्या दशकाअखेरीस, बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये एन. आर. माधव मेनन यांच्या आग्रहाने. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वाट मोकळी झाली आणि मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) इथे ती उभी राहिली. त्यांच्या जोडीला खासगी आणि अभिमत विद्यापीठांतले विधी विभाग आले. नवी मुंबईतही आले. वर्ग लहान झाले, मूट कोर्टची दालने आली. क्रम मात्र बहुतेक ठिकाणी बारा, तेरा, चौदा असाच राहिला.

क्रमाने शिकवण्यात काय निसटते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे केशवानंद भारती खटला. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, ६८ दिवसांची सुनावणी, सात विरुद्ध सहा. एवढे सगळ्यांना पाठ असते. संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, हा निष्कर्षही पाठ असतो. आता हाच खटला वाद म्हणून वाचा. केरळच्या मठाधिपतींच्या बाजूने उभे होते नानी पालखीवाला. समोर केरळ सरकारसाठी एच. एम. सीरवई, जे १९५७ ते १९७४ महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. दोघेही मुंबईचे, दोघेही शासकीय विधी महाविद्यालयातून घडलेले. एका महाविद्यालयाने दोन्ही बाजू पुरवल्या! सहा जणांच्या अल्पमतात दोन मराठी न्यायाधीश होते: डी. जी. पाळेकर आणि पुण्याच्या लॉ कॉलेजचे विद्यार्थी यशवंत विष्णू चंद्रचूड. संसदेच्या हाताला बेडी घालू नये, असे त्यांना वाटत होते.

मग आणीबाणी आली. २८ एप्रिल १९७६ च्या एडीएम जबलपूर निकालात चंद्रचूड बहुमतात होते. स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी ते दार उघडे ठेवले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने मिनू मसानींच्या नियतकालिकावरची सेन्सॉरशिपही उडवून लावली होती. आणीबाणी सरली. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या निकालात, सरन्यायाधीश म्हणून, त्याच चंद्रचूडांनी मूलभूत चौकटीचाच आधार घेऊन बेचाळिसाव्या दुरुस्तीचा भाग रद्द केला. सीरवईंनीही आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत पूर्वीचे मत सोडले. कोर्टात ज्या तत्त्वाविरुद्ध ते लढले होते, ते त्यांनी मान्य केले. आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांचा जबलपूर निकाल चुकीचा ठरवला.

सात विरुद्ध सहा हा आकडा दोन मिनिटांत पाठ होतो. ज्यांनी विरुद्ध मत दिले त्यांना ते का बदलावेसे वाटले, हे समजायला दोन आठवडे लागतात. पण घटनात्मक कायदा त्या दोन आठवड्यांतच आहे. परीक्षेत विचारतात ‘मूलभूत चौकटीचे तत्त्व स्पष्ट करा’. ‘सीरवईंचे मत का बदलले?’ असे कोणी विचारत नाही. खरे तर त्याचे उत्तर लिहिता येणाऱ्याला पहिला प्रश्न आपोआप सुटलेला असतो.

जमिनीच्या वादाचेही तसेच. तो धागा धरून चालले, की महाराष्ट्रच घटनेच्या पानोपानी भेटतो. नागपूर सुधार न्यास विरुद्ध विठ्ठलराव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारने एका कायद्याखाली जमीन घेतली तर जास्त भरपाई आणि दुसऱ्याखाली घेतली तर कमी, हे समानतेला धरून नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन गेली ती गेलीच. वामनराव खटला महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यातून उभा राहिला, आणि केशवानंदच्या दिवसापूर्वी कायद्यांना आव्हानापासून संरक्षण देणाऱ्या नवव्या अनुसूचीत गेलेले कायदे वाचले, नंतरचे तपासले जातील, ही रेषा १९८० मध्ये तिथेच आखली गेली. मुंबईतल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या मालकांचा वाद नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल आला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९(ब) मधली समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. त्याच वर्षी मे महिन्यात कोलकाता महापालिकेच्या खटल्यात न्यायालयाने ३००-अ या एका वाक्यातून सात उपहक्क काढून दाखवले: नोटीस मिळण्याचा, म्हणणे मांडण्याचा, कारणमीमांसेसह निर्णयाचा, वाजवी भरपाईचा आणि असे. दहा मिनिटांच्या त्या वाक्यात एवढे दडले होते.

नव्या मुंबईत या साऱ्याला बोलीतले शब्द आहेत: प्रकल्पग्रस्त, साडेबारा टक्के, गरजेपोटी बांधलेली घरे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची मागणी धोरणात उतरली; दि. बा. स्वतः वकील होते. गावठाणाबाहेर कुटुंब वाढले म्हणून बांधलेले घर अतिक्रमण की गरज, हा इथल्या प्रत्येक निवडणुकीतला प्रश्न आहे. मुंबईच्या पदपथावरच्या लोकांसाठी १९८५ मध्ये निकाल लागलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. त्याच न्यायालयाने पदपथ मोकळे करण्याची मुभाही दिली, हे मात्र नोट्समध्ये बारीक अक्षरात असते. नेरूळच्या पाणथळ जागेवरच्या गोल्फ कोर्सचा वाद २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजला. पर्यावरणाचे अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ(ग) नुसते वाचले की ती सुभाषिते वाटतात. फ्लेमिंगो उतरणाऱ्या पाण्याच्या काठावर उभे राहिले की ती कुणाच्या तरी याचिकेतली वाक्ये होतात.

काही वाद तर विद्यार्थी स्वतःच बरोबर घेऊन येतो. सीईटीनंतरच्या कॅप फेरीत जागा मिळाल्याच्या कागदावर प्रवर्ग छापलेला असतो. त्या रकान्यामागे इंद्रा साहनी खटल्यातली पन्नास टक्क्यांची मर्यादा आहे, २०१८ चा मराठा आरक्षण कायदा आहे, उच्च न्यायालयाने तो टक्केवारी घटवून उचलून धरणे आहे, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे आहे आणि २०२४ चा दहा टक्क्यांचा नवा कायदा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दहा टक्क्यांचा तीन विरुद्ध दोन निकाल आहे. त्यात सरन्यायाधीश उदय लळीत, हेही मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे, अल्पमतात होते. वर्गातल्या साठ जणांकडे साठ कागद असतात आणि अनुच्छेद १५ व १६ शिकवताना त्यांचा उल्लेखही होत नाही. का होत नाही, हे समजण्यासारखे आहे. वर्ग पेटेल, अशी शिक्षकाला धास्ती असते. पण एकमेकांच्या जागेबद्दल एकमेकांसमोर सभ्यपणे युक्तिवाद करायला कायद्याचा वर्ग सोडून दुसरी जागा कुठली?

साधनांच्या बाबतीत मात्र आजची पिढी भाग्यवान आहे. २७ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठांची सुनावणी थेट दाखवायला सुरुवात केली. त्या पहिल्याच दिवशी तीन प्रकरणे होती: आर्थिक दुर्बलांचे आरक्षण, शिवसेनेतली फूट आणि वकिलीसाठीची अखिल भारतीय बार परीक्षा. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी याहून जवळचे तीन विषय निवडून काढता आले नसते. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची, एरवी दुसऱ्या पेपरातली कंटाळवाणी पाने, महाराष्ट्रभर चहाच्या टपरीवरचा विषय झाली. शिवसेनेच्या प्रकरणातल्या ११ मे २०२३ च्या निकालाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे ठरवले. पण चाचणीला सामोरे न जाता मुख्यमंत्र्यांनी दिलेला राजीनामा परत फिरवता येत नाही, असेही सांगितले. शिवाय २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालसंच इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पूर्वी नेरूळच्या मुलाला निकाल मुळातून वाचायला हार्बर लाइनने फोर्टच्या ग्रंथालयात जावे लागे. आता न वाचण्याचे निमित्त तेवढे संपले. वाचण्याची सवय अजून लागायची आहे.

त्या सवयीआड भाषा येते. आपल्याकडे मराठी माध्यमातून कायद्याला येणारी मुले पुष्कळ. अनुच्छेद ३४८ मुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मात्र राज्य शासनाने १९९८ मध्ये मराठी लागू केली. म्हणजे वकील पोट भरणार मराठीत आणि शिकणार इंग्रजीत. संविधानाचे अधिकृत मराठी भाषांतर आहे, पण त्यात ‘हेबियस कॉर्पस’ला देहोपस्थिती आणि ‘सर्शिओरारी’ला प्राकर्षण. शब्द चुकीचे नाहीत. ते कोर्टात किंवा वर्गात कधी बोललेच गेले नाहीत, म्हणून परके राहिले. केशवानंदचे तत्त्व मराठीत कोणी मूलभूत चौकट म्हणते, कोणी मूळ ढाचा, कोणी पायाभूत संरचना. चौकट मोडते, ढाचा ढासळतो, पायाला सुरुंग लागतो. प्रत्येक शब्दाबरोबर तत्त्वाचे चित्र बदलते. वर्गात मराठीतून वाद घातला असता तर यांतला एक शब्द वापराने केव्हाच पक्का झाला असता.

कलमांच्या क्रमाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते टाळू नये. व्याकरण न शिकता भाषा येते, पण वकिलाला व्याकरणही लागते. अनुच्छेद १२ माहीत नसेल तर याचिका कोणाविरुद्ध करायची हेच कळणार नाही. बार परीक्षेत शंभरपैकी दहा प्रश्न घटनात्मक कायद्याचे असतात आणि ते नेमकी कलमेच विचारतात. शिक्षकावर ७० टक्के हजेरी, अंतर्गत गुण आणि अभ्यासक्रम पुरा करणे यांचे ओझे असते. शिवाय वादांच्या क्रमाने शिकवणारा शिक्षक आपल्या आवडीचे वाद निवडेल आणि बाकीची घटना उपाशी राहील, ही भीती खोटी नाही. मूट कोर्ट हा उतारा मानला जातो. तिथे मुले खरेच दोन्ही बाजू मांडायला शिकतात. पण मूटमध्ये उतरणारी मुले वर्गातली मूठभरच, आणि तिथला वादही बहुधा एका काल्पनिक देशातल्या काल्पनिक कायद्याचा असतो.

म्हणून क्रम फेकून देण्याची गरज नाही. पहिले सत्र कलमांचे चालू दे. दुसऱ्यात मात्र चारच वाद घ्यावेत, जमिनीचा, प्रवेशातल्या जागेचा, पक्षांतराचा आणि स्थानबद्धतेचा, आणि प्रत्येक वाद सुरुवातीपासून आजपर्यंत मूळ निकालांतून, अल्पमतासकट वाचावा. त्याला नवी इमारत लागत नाही की नवा पदाधिकारी. नेरूळहून आता उरणपर्यंत लोकल जाते. जासईचा परिसर वाटेवरच आहे. वर्गात एखादी तरी मुलगी अशी असते, की जिच्या आजोबांच्या ट्रंकेत भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची प्रत आणि जुना सातबारा अजून जपून ठेवलेला आहे. घटनात्मक कायद्याचा तो पहिला दस्तऐवज म्हणून वर्गात वाचता येईल.

आणि परीक्षेला एक प्रश्न सुचवावासा वाटतो. ‘एका शेतकऱ्याची नेरूळमधली जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी संपादित झाली. संपादन (अ) मार्च १९७० मध्ये, (ब) मार्च १९७३ मध्ये, (क) मार्च १९८० मध्ये आणि (ड) आज झाले, असे धरून तुम्ही त्याचे वकील म्हणून प्रत्येक वेळी कोणता हक्क सांगाल, कोणत्या न्यायालयात सांगाल आणि समोरचा वकील काय म्हणेल ते लिहा. गुण २०.’ हा प्रश्न झेरॉक्स नोट्समधून सुटणार नाही. पेपर आधी फुटला तरी हरकत नाही.